काशी, तू सांगितलं होतंस

काशी,

रविवारी दुपारी मी आता कुठे जात नाही. बोईसरच्या खोलीत कुकर लावतो, वरणभात ताटात घेतो, आणि दोन घास खाल्ल्यावर ध्यानात येतं की दार उघडंच आहे. तुझा फोन आला की कुलूप लावून लगेच निघायचं, म्हणून अकरा वाजल्यापासून पायात चप्पल घालून बसायचो. "घाटी, कालवण झालंय. उशीर केलास तर काटे मिळतील." एवढंच बोलून तू फोन ठेवायचास. हो-नाही ऐकायलाही थांबायचा नाहीस.

पाच महिने होत आले तुला जाऊन. तुझ्या दहाव्याला किनाऱ्यावर अख्खं गाव होतं. कोणी तुझ्या होडीबद्दल बोललं, कोणी तू वादळात दोन खलाशी कसे वाचवलेस ते सांगितलं. मला म्हणाले, तुम्ही जवळचे, तुम्ही बोला. मी नाही म्हणून मान हलवली आणि मागे जाऊन बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांच्या ओळीआड उभा राहिलो. लोकांना वाटलं, दुःखाने बोलवत नाही. दुःख होतंच. पण मला बोलायची भीती वाटत होती, काशी, ती वेगळ्या कारणाने. तेव्हा राहिलं ते आता लिहितो.

आपली ओळख कशी झाली ते आठवतं तुला? मी तेव्हा केमिकलच्या कारखान्यात ऑपरेटर. साताऱ्याकडून येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. खाडीत पाणी सोडलं कोणीतरी, मासे मरून वर आले, आणि तुम्ही दहा-बाराजण मेलेल्या बोई माशांची टोपली घेऊन आमच्या गेटवर आलात. मॅनेजरने आतून निरोप दिला, तक्रार लिहून घ्या आणि पाठवा त्यांना. अक्षर बरं म्हणून मला बसवलं. टोपलीतल्या वासाने मी नाकाला रुमाल बांधला. तू समोर उभा राहून सांगत होतास, मी लिहीत होतो. शेवटी तू म्हणालास, "वाच."

मी वाचलं.

तू बाकीच्यांकडे वळून म्हणालास, "मी बोललो तसाच लिवलाय यानं. एक अक्षर गाळला नाय." मग माझ्याकडे बघून, "कुठला रे तू? घाटावरचा?"

मॅनेजर माझ्यावर भडकला. जरा सौम्य लिहायला काय झालं होतं, म्हणाला. त्या कागदाचं पुढे काही झालं नाही. पण पुढल्या रविवारी तू माझ्या खोलीचा पत्ता शोधत आलास, पानात बांधलेले बोंबील घेऊन. म्हणालास, "तुला साफ करता नाय येणार, मी करून देतो." तेव्हापासून तुझ्या घरातला कुठलाही कागद आला की माझ्याकडे. रेशनचा, होडीच्या परवान्याचा, तुझ्या लेकीच्या, प्रणालीच्या, शाळेचा. कोणी विचारलं, परक्या माणसाला का दाखवतोस, तर तुझं उत्तर ठरलेलं. "तो बोललो तसाच लिवतो."

माझ्याविषयी इतकं चांगलं कोणीच बोललेलं नाही. आणि तेच मला आज सर्वांत जास्त लागतं.

कारखाना बंद पडला, मी विम्याची एजन्सी घेतली. बायको मुलाबरोबर पुण्याला गेली, त्याच्या नोकरीसाठी. मी म्हणालो, इथे पॉलिसी आहेत, लोक आहेत, मी मागाहून येतो. त्या मागाहूनला सहा वर्षं झाली. पालघर ते तारापूर मोटारसायकलवर फिरायचो. वीजकेंद्राच्या कॉलनीतली माणसं दारातूनच चहा विचारायची, बोईसरच्या चाळींतून हिंदीत समजावायचो, आणि रविवारी तुझ्याकडे जेवायचो. वहिनी ताट वाढताना म्हणायच्या, "भावोजी, लोकांच्या मरणाचा धंदा करता, जरा पोटभर जेवा तरी." तू हसायचास, मीही हसायचो. माझ्या आठवड्यात तेवढं एकच हसणं असायचं, हे मी तुला कधी सांगितलं नाही.

आता तीन वर्षांपूर्वीच्या नारळी पौर्णिमेचं.

त्याच्या खूप आधीचं एक आठवतं. माझी पहिलीच पौर्णिमा, तुझी होडी सजवलेली, आणि मी अडाण्यासारखं विचारलं, "ही कधी बुडायला आली होती का रे?" तुझी आई पूजेच्या ताटासहित माझ्यावर धावून आली. "गप. आजच्या दिवशी होडीजवळ आजाराचा नाव नाय, मरणाचा नाव नाय. दर्याला कान असतात, पोरा." मी कान पकडले. तू मला मग वर्षभर चिडवलंस. तो नियम मी पक्का लक्षात ठेवला. कशासाठी ठेवला, ते बघ.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी मी तुझ्या विम्याचा फॉर्म घेऊन आलो. प्रणाली नर्सिंगला जाणार होती, दर्याचा भरवसा नाही, आपण नसलो तर तिचं अडू नये, असं तूच म्हणाला होतास. शाखेत दुसऱ्या दिवशी यादी बंद होणार होती. यादी कसली, तर वर्षभरात ठरलेला आकडा गाठणाऱ्या एजंटांची. शाल, श्रीफळ, आणि स्टेजवरून नाव. मला एक प्रस्ताव, म्हणजे एक भरलेला फॉर्म, कमी पडत होता. खरं सांगतो, कमिशनचं एवढं नव्हतं. लग्नपत्रिकेनंतर माझं नाव कुठे कोणी मोठ्याने वाचलं नव्हतं.

पूजा झाली होती. आपण होडीच्या सावलीत वाळूवर बसलो. वाऱ्याने फॉर्मची पानं उडत होती, म्हणून तू खिशातून चुन्याची डबी काढून कागदांवर ठेवलीस. मी नाव, जन्मतारीख, वारस लिहून घेतलं. मग पान उलटलं. तिथे आजारांचे प्रश्न. मधुमेह आहे का, दमा आहे का, हृदयाचा त्रास आहे का, गेल्या पाच वर्षांत दवाखान्यात दाखल झाला होता का.

तू म्हणालास, "थांब."

इकडेतिकडे बघितलंस. ती डबी उचलून उघडलीस. आत चुना नव्हता. कापसात ठेवलेल्या बारीक गोळ्या होत्या.

"तंबाखू कवाच सोडली. छातीत कळ आली का जिभेखाली ठेवायची. मागल्या वर्षी तू गावाला होतास ना, आईच्या आजारपणात, तवा चार दिवस दवाखान्यात होतो. हार्टचा हाय म्हणाले. घरात सोडून कोणाला ठाव नाय. खलाशांना कळला तर माझ्या होडीवर कोण चढल? वहिनीला तुझ्या बोललोय, कोणालाच सांगायचा नाय, घाट्याला पण नाय. पण हा कागद हाय. कागदावर खोटा नको. लिव."

मला तेव्हा काय व्हायला हवं होतं? तू एवढं दुखणं एकट्याने काढलंस म्हणून जीव तुटायला हवा होता. माझ्या डोक्यात मात्र आलं ते हे, की आता तपासण्या लागतील, कंपनीचा डॉक्टर, ईसीजी, महिना जाईल, कदाचित नाकारतील, आणि उद्या यादी बंद.

मी म्हणालो, "काशी, आज पुनव आहे. होडीला टेकून बसलोय आपण. आजाराचं नाव काढायचं नाही. तुझ्याच आईचा नियम."

तू होडीच्या लाकडाला हात लावून कपाळाला लावलास. "हां. खरा हाय. उद्या सांगतो मग नीट. आता सही करून ठेवू?"

तू सही केलीस. डबी परत कागदांवर ठेवलीस, शाई वाळेपर्यंत.

घरी जाऊन मी ते रकाने भरले. नाही, नाही, नाही. सगळे एका दमात. आम्ही तसेच भरतो, काशी. माणूस कोरी सही देतो आणि एजंट घरी बसून खाली खाली "नाही" लिहीत जातो. नंतर बघू म्हणतो. फॉर्म इंग्रजीत होता, सही मराठीत होती, म्हणून शेवटी एक मजकूर होता आणि त्याखाली माझी सही. त्याचा अर्थ असा, की मी हे सर्व प्रश्न अर्जदाराला त्याच्या भाषेत समजावून सांगितले आणि त्याने दिलेली उत्तरं जशीच्या तशी लिहिली.

जशीच्या तशी. त्याखाली मी सही केली.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला तुझा फोन आला. "काल राहिला ते सांगतो, लिवून घे." मी म्हणालो, "कागद गेला पुढे." तू विचारलंस, "त्याच्याशिवाय?" मी म्हणालो, "मी बघतो रे." म्हणजे तू एकदा नाही, दोनदा सांगितलंस.

सत्काराला तू आलास. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल. माझं नाव पुकारलं तेव्हा सर्वांत मोठ्या टाळ्या तुझ्या. बाहेर आल्यावर माझ्या हातातला नारळ घेतलास. "हा दर्याला देतो, तुझ्या नावाने. तू काय करणार, चटणी?"

ते मनातून गेलं नव्हतं तुझ्या. पुढच्या उन्हाळ्यात जेवताना, वहिनी आत गेल्यावर हळूच विचारलंस, "तो कागद नीट झाला ना रे?" मी म्हणालो, तीन वर्षं जाऊ देत, कायदाच तसा आहे, त्यानंतर कंपनीला सहसा काही उकरून काढता येत नाही. तू विचार केलास. मग म्हणालास, "म्हंजे तीन वरस मरायचा नाय."

"नाही मरायचं."

"बरा. सांगून ठेवतो दर्याला."

त्यानंतर तो तुझा विनोदच झाला. भेटलास की, "दीड वरीस राह्यला." होडीतून उतरताना लांबूनच, "एक वरीस नि दोन म्हैने." वहिनी विचारायच्या, "कसला हिशोब चाललाय तुमचा?" तू सांगायचास, "घाट्याने शिक्षा दिलीय." मी हसायचो. माझ्या हसण्याला काय म्हणायचं, तूच सांग.

शेवटचं भांडण जानेवारीतलं. केळव्याच्या एका खाणावळीला पापलेट द्यायचे होते, मुंबईची गिऱ्हाइकं येणार म्हणून. मी मोटारसायकल काढली, तू मागे टोपली धरून. माल देऊन आपण सुपारीच्या वाडीत टेकलो. शंभर पावलं चाललो असू, तू दम खात होतास. डबी काढून गोळी ठेवलीस, डोळे मिटून बसलास. मग म्हणालास, "सात म्हैने राह्यले. जमल का नाय, सांगता येत नाय."

"जमेल. गोळ्या वेळेवर घे."

"आता कंपनीला कागद लिवून कळवता नाय येत? चुकला, हा राह्यला होता म्हणून?"

"नाही येत," मी म्हणालो.

येत होतं, काशी. एक पत्र लिहिलं असतं तर कळवता येत होतं. त्यांनी हप्ता वाढवला असता, पॉलिसी रद्दही केली असती, पण तुझ्या मनावरचं ओझं गेलं असतं. पण मग विचारलं असतं, फॉर्म भरताना का नाही लिहिलं, आणि खाली माझी सही होती. म्हणून मी नाही म्हणालो. तू चिडलास. "तुझ्या कागदांना काय सोय नसते वाटतं कसली," म्हणालास आणि टोपली उचलून मोटारसायकलकडे चालू लागलास. गावाच्या फाट्यावर उतरलास, टोपली काखेत मारलीस आणि मागे न बघता गेलास. पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आला, तो प्रणालीचा.

जाळं दुरुस्त करता करता, बसल्या जागी.

सहा महिने कमी पडले.

चौकशीला कंपनीचा माणूस आला. वहिनींनी स्वतःहून दवाखान्याची फाईल त्याच्यापुढे ठेवली. लपवायचं असतं हेच त्यांना माहीत नव्हतं. मग त्याने मला पालघरच्या शाखेत बोलावलं. आमचे साहेब आधीच कानात सांगून गेले होते, "एक ओळ लिहा आणि मोकळे व्हा." त्याने विचारलं, अर्जदाराच्या आजाराची तुम्हाला कल्पना होती का. मी लिहिलं, कल्पना नव्हती. अक्षर नेहमीसारखं चांगलं आलं होतं.

एप्रिलअखेर वहिनींना पत्र आलं. तुझ्या घरातली पत्रं मी वाचतो, म्हणून तेही माझ्याकडेच वाचायला. वहिनी बाजारातून नुकत्या आल्या होत्या, रिकामी पाटी बाजूला, पदराने मान पुसत ओट्यावर बसल्या. मी वाचलं. अर्जदाराने आरोग्याविषयी महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवल्यामुळे दावा नामंजूर.

"दडवली म्हंजे?"

"सांगितली नाही."

वहिनींनी रिकामी पाटी पालथी घातली. "शिळा मासा असला तर गिऱ्हाइकाला सांगायला लावायचा मला. भांडायचा त्यावरून." मग आवाज खाली आला. "पण हा आजार सगळ्यांपासून चोरून ठेवला होता, ते खरा हाय. तुमाला पण नाय सांगितला. माफ करा भावोजी. आमच्या माणसामुळे तुमचा नाव खराब झाला असल ऑफिसात."

त्या माझी माफी मागत होत्या, काशी.

मी पत्राची घडी केली, पाणी प्यायलो आणि आलो निघून. आठ दिवस खोलीत होतो. मुलाचा फोन आला, त्याला म्हणालो, उष्मा फार आहे इकडे, बाकी ठीक. तुला फोन करावा असं दिवसातून चारदा वाटायचं. तूच एक होतास ज्याला हे सांगता आलं असतं, आणि तुझ्याबद्दलच सांगायचं होतं.

पुढच्या रविवारी गेलो. कोणी बोलावलं नव्हतं. वहिनी सुकट निवडत होत्या, प्रणाली सुट्टीवर आलेली. मी बसलो नाही. उभ्यानेच म्हणालो, "वहिनी, काशीने मला सांगितलं होतं. फॉर्म भरताना. लिही म्हणाला. मी लिहिलं नाही."

वहिनींचे हात थांबले. "तुमाला बोलला होता तो?"

"हो."

"तोंडाने? दवाखान्याचा?"

"सगळं. डबी उघडून दाखवली. दुसऱ्या दिवशी फोनही केला."

मला वाटलं, आता त्या ओरडतील. त्यांनी डोळे मिटले, आणि चेहरा असा सैल झाला की बघवेना. "म्हंजे तो खोटा नाय बोलला," त्या म्हणाल्या. प्रणालीकडे वळल्या, "ऐकलास? बाबा खोटा नाय बोलला तुझा."

मग माझ्याकडे बघितलं. सुकट परत पुढ्यात ओढली. "तुमी आता जा, भावोजी."

मी पायऱ्या उतरलो तशी प्रणाली मागून आली. रडत नव्हती. "काका, विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो असं मी वाचलंय. तुम्ही आता बोललात ते लिहून द्याल? सहीसकट?"

दोन दिवसांनी लिहून घेऊन गेलो. वहिनी म्हणाल्या, "वाचा." ओट्यावर वारा होता, पानं हातात राहत नव्हती. त्या आत गेल्या, फळीवरून तुझी डबी आणली आणि कागदावर ठेवली. मी वाचलं. पौर्णिमेचा दिवस, होडीची सावली, तू काय म्हणालास, मी काय म्हणालो. केळव्याचंही लिहिलं. चौकशीत मी खोटं लिहून दिलं, तेही लिहिलं. तुझं बोलणं तुझ्याच शब्दांत ठेवलं, कागदावर खोटा नको, हेसुद्धा. वहिनींनी एका ठिकाणी थांबवलं. "घाट्याला पण नाय, असा बोललेला तो?" मी हो म्हणालो. त्यांना किंचित हसू आलं, आणि लगेच गेलं.

साहेब म्हणाले, "पायावर धोंडा मारून घेताय. आणि याने त्या बाईला पैसे मिळतीलच असंही नाही." दोन्ही खरं आहे. माझी एजन्सी थांबवल्याचं पत्र आलं. लोकपालाकडच्या अर्जाचं अजून काही कळलेलं नाही. मी सध्या जुनी बॅग उघडून बसतो, माझ्या हातचे "नाही" कुणाकुणाच्या फॉर्मवर आहेत ते आठवतो, आणि त्यांच्या दारी जाऊन सांगतो, की कंपनीला पत्र लिहा, मी लिहून देतो. काहीजण चहा देतात. एकाने दार लावून घेतलं.

वहिनी मला जेवायला बोलवत नाहीत. बोलवावं असं मी म्हणत नाही. परवा बाजारात दिसल्या, गिऱ्हाइकाशी भाव करत होत्या. मी लांबून गेलो.

नारळी पौर्णिमेला तुझी तीन वर्षं पुरी होतील. मी येणार आहे किनाऱ्यावर. गर्दीत नाही, खाडीच्या तोंडाकडे, जिथे पूजेला कोणी जात नाही. नारळ मी विकत घेतलेला असेल, सत्कारातला नाही. त्या दिवशी आजाराचं नाव काढायचं नसतं, मरणाचं नाव काढायचं नसतं, मला ठाऊक आहे. मी काढणार आहे. छातीतली कळ, दवाखान्यातले चार दिवस, डबीतल्या गोळ्या, तू बोललास तसंच, एक अक्षर न गाळता, मोठ्याने.

दर्याला कान असतात म्हणायची तुझी आई. ऐकू दे त्याला.

तुझा,
घाटी